घरी पाठवलेलं विद्यापीठ: महामारीतल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांच्या अभ्यासाला प्रस्तावना

मार्च २०२० च्या उत्तरार्धात महाराष्ट्रातली वसतिगृहं रिकामी झाली. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण आढळले होते, २२ ला जनता कर्फ्यू झाला आणि २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्या पंधरवड्यात मुलंमुली मिळेल त्या एसटीने, रेल्वेने, ओळखीच्या टेम्पोने गावाकडे निघाली. दोन-तीन आठवड्यांत परत यायचंच आहे, या हिशेबाने अनेकांनी पुस्तकं, जर्नल, गादी, इस्त्री सगळं खोलीतच ठेवलं. पुढे यातली बरीच वसतिगृहं विलगीकरण केंद्रं म्हणून वापरली गेली. कॉट बेसिसवर, म्हणजे खाजगी खोलीत एका खाटेचं भाडं भरून, राहणाऱ्यांपुढे वेगळाच पेच होता. खोलीत सामान आहे, भाडं चालू आहे आणि माणूस मात्र दोनशे किलोमीटरवर.

महामारीतल्या ऑनलाइन शिक्षणावरचं लेखन सहसा पडद्यापासून सुरू होतं. मी वसतिगृहापासून सुरुवात करतो आहे, कारण या अभ्यासाचं मर्म मला तिथे दिसतं. महाराष्ट्रात उच्च शिक्षण तळापर्यंत पोचलं त्याचा इतिहास फार मोठ्या प्रमाणावर वसतिगृहांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला पाठबळ दिलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, कष्टाची कामं करून शिकत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढलं तेव्हाही विद्यार्थ्यांच्या राहण्याचा विचार त्यात होता. या तिघांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गरिबाच्या मुलाला नुसता शिक्षक देऊन भागत नाही. त्याला घरातल्या कामापासून दूर, दोन वेळच्या जेवणाची आणि रात्रीच्या उजेडाची हमी असलेली जागा लागते. मुलींच्या बाबतीत तर ही गरज दुप्पट असते.

शंभरेक वर्षं मुलं ज्या दिशेने चालत आली होती, ती दिशा २०२० च्या त्या पंधरवड्यात उलटी झाली. ज्या घरात राहून शिकता येणार नाही म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं, त्याच घरात आता विद्यापीठ भरवायचं होतं. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगेन ती ही: तुमचा विषय वरवर तंत्रज्ञानाचा दिसेल, पण त्याच्या बुडाशी जागेचा प्रश्न आहे. महाविद्यालय बंद झालं तेव्हा वर्गाखेरीज तिथे आणखी काय काय होतं, याची यादी हळूहळू उलगडत गेली. मेसचं जेवण होतं. ग्रंथालयातला पंखा होता. ‘कमवा आणि शिका’ योजनेतलं तासांवर मिळणारं काम होतं, आणि ते थांबल्यावर अनेकांचा हातखर्च थांबला. एरवी बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या मुलीला रोज घराबाहेर पडण्याचं कारण होतं. मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेता येणारी टिपणं होती. अभ्यासक्रमात यातलं काहीही लिहिलेलं नसतं, आणि तरीही याच्याशिवाय तो अभ्यासक्रम पुरा होत नाही.

इथे एका जुन्या साथीची आठवण द्यावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग आला तेव्हा धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम शहरात होता. साथीमुळे तो १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला हलवला गेला. एका झोपडीत, माळावर, पण सगळ्या मुलींसह. कर्वे शहरातून तिथवर पायी जात. त्याच माळावरच्या कामातून पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या काळची ती छोटी संस्था आणि आजची लाखो विद्यार्थ्यांची विद्यापीठं यांची बरोबरी करणं योग्य नाही, हे मला कळतं. करोनाच्या संसर्गात शेकडो मुलांना एकत्र ठेवणं धोक्याचंच होतं. पण दोन साथींना दिलेल्या दोन उत्तरांमधला फरक अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. एकदा संस्थेने आपली माणसं बरोबर घेऊन जागा बदलली. दुसऱ्यांदा संस्थेने जागेला कुलूप लावलं आणि माणसं आपापल्या घरी गेली. त्या घरांनी विद्यापीठाचा भार उचलला, आणि तो कसा उचलला याची नोंद जवळजवळ कुणीच ठेवली नाही.

आता थोडं सिद्धांताकडे. घरबसल्या शिकणं २०२० मध्ये जन्माला आलं नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना, गृहिणींना, अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांना पदवीपर्यंत नेत आलं आहे. या शिक्षणामागे विचार होता, स्वतःच स्वतःला शिकवता येईल अशी पुस्तकं होती, अभ्यासकेंद्रं होती, आणि मुख्य म्हणजे शिकणाऱ्याने ती वाट स्वतः निवडलेली होती. अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं. संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची बांधणी किती घट्ट किंवा सैल आहे, आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालू शकतो, यांवर ते ठरतं. या मोजपट्टीने पाहिलं तर १२० मुलांच्या भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली मुलगी शिक्षकापासून फार दूर असू शकते, आणि टपालाने स्वाध्याय पाठवून शिकणारा पोस्टमन जवळ असू शकतो.

टाळेबंदी सुरू होऊन काही दिवसच झाले असताना, २७ मार्च २०२० ला, चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. आज जे चाललं आहे त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, असं त्यांनी बजावलं. ही आणीबाणीतली दूरस्थ शिकवणी आहे, विचारपूर्वक आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार व्हायला महिनोन्महिने लागतात, आणि या दोहोंची तुलना केली तर दोघांवरही अन्याय होईल. पुढच्या दोन वर्षांत या भेदाचा उल्लेख असंख्य शोधनिबंधांनी केला, आणि त्यातल्या कित्येकांनी पुढच्याच परिच्छेदात तो बाजूला ठेवून ‘ऑनलाइन शिक्षणाची परिणामकारकता’ मोजायला घेतली. तुम्ही तसं करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांनी त्या एप्रिलपर्यंत गुगल मीट किंवा झूम उघडलंही नव्हतं. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, समोरच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यातले अनेक जण तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळणारे. त्यांच्या अनुभवांना स्वतंत्र पुस्तक हवं. इथे मी विद्यार्थ्यांपाशीच थांबतो, पण विद्यार्थ्याचा अनुभव समजून घेताना पलीकडच्या बाजूला कोण, कुठल्या परिस्थितीत बसलं होतं हे विसरून चालणार नाही.

घर म्हणजे काय, हे नीट पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७-१८ चे आकडे या विषयावरच्या जवळपास प्रत्येक लेखात येतात. देशातल्या ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांकडे होती. आकडे बोलके आहेतच, पण ते कुटुंबाबद्दल सांगतात आणि आपल्याला विद्यार्थ्याबद्दल जाणून घ्यायचं आहे. घरात एक फोन आहे याचा अर्थ तो शिकणाऱ्या मुलीच्या हातात आहे असा होत नाही. वडील सकाळी कामावर निघाले की फोन त्यांच्याबरोबर जातो. उरलाच तर सातवीतल्या भावाची शाळा आणि तिचा बी.ए.चा तास एकाच वेळी भरतात, आणि तिचा तास हरतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक दोन तासांच्या व्हिडिओनंतर संपत येतो. शिवाय मुलीच्या हातात सतत फोन दिसला की घरात आणि शेजारी प्रश्न सुरू होतात, मुलाच्या हातात दिसला तर होत नाहीत. म्हणून पाहणीत ‘आपल्या घरी स्मार्टफोन आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. तो कुणाच्या नावावर आहे, रात्री कुणाच्या उशाशी असतो, रिचार्जचे पैसे कोण देतं, बिघडला तर तालुक्याला कोण घेऊन जातं, हे विचारा.

जागेचंही तसंच. चाळीतल्या दीड खोलीत सहा माणसं चोवीस तास असताना अभ्यास म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. पत्र्याच्या घरात जून-जुलैत सर कोसळली की तासातला शब्दही ऐकू येत नाही आणि माइक चालू केला तर बाकीच्यांना फक्त पत्रा ऐकू येतो. पेरणीच्या दिवसांत शेतातल्या मुलाच्या कानात इअरफोन असतो आणि हात कामात असतात. त्याने तास ‘केला’ की नाही? हजेरीच्या यादीत तो हजर आहे. शिक्षणशास्त्राकडे याचं उत्तर नाही, पण त्या मुलाकडे आहे, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

कॅमेऱ्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. जगभरच्या शिक्षकांची तक्रार एकच होती: मुलं कॅमेरा बंद ठेवतात, मी काळ्या चौकोनांशी बोलतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या फ्रँक कॅस्टेली आणि मार्क सार्वरी यांनी आपल्या विद्यार्थ्यांना याची कारणं विचारली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण कसे दिसतो याची काळजी हे सर्वांत जास्त सांगितलं गेलेलं कारण होतं. मागे घरातली माणसं आणि जागा दिसेल ही भीती, कमकुवत इंटरनेट ही कारणंही होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची मीमांसा केली. सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर असणं, हालचालीला आलेली मर्यादा, आणि हावभाव ओळखायला व दाखवायला लागणारे जादा कष्ट. दोन्ही लेखन मोलाचं आहे. पण महाराष्ट्रातल्या घरात कॅमेरा आणखी एक गोष्ट उघड करतो, जी कॉर्नेल किंवा स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात सापडणार नाही. मागच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे यावरून, आडनाव उच्चारण्याआधी, समाज कळतो. भिंतीला रंग आहे की नाही, मागे गॅस आहे की चूल, यावरून उत्पन्न कळतं. वर्गाच्या बाकावर सगळे एकाच भिंतीपुढे बसलेले असतात. वर्गाने विद्यार्थ्याला जे झाकण दिलं होतं ते कॅमेरा काढून घेत होता. म्हणून बंद कॅमेऱ्याला मी बेपर्वाई समजत नाही. स्वतःभोवती भिंत उभी करण्याचा तो एकच उपाय त्या मुलांच्या हाती होता.

रेंजच्या शोधात डोंगरावर, पाण्याच्या टाकीवर, गावाबाहेरच्या पुलावर जाऊन बसलेल्या मुलांच्या बातम्या त्या वर्षी खूप छापून आल्या. कोकणातल्या एका मुलीने डोंगरावर खोपटं उभारून अभ्यास केला, त्याची फार चर्चा झाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आणि फोन दोन्ही दीर्घकाळ गेले. महामारीच्या आत आणखी एक आपत्ती घडत होती. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारचा धडगाव-अक्कलकुवा भाग, गोव्यातले सत्तरी-सांगे यांसारखे डोंगराळ तालुके, इथे रेंज नसणं हे वादळाशिवायही रोजचंच होतं. या बातम्यांनी समाजाला हलवलं, मदतही आली. मात्र त्यांनी एक घात केला. जिद्दीची कहाणी सांगताना ती जिद्द का लागली हा प्रश्न मागे पडला, आणि जी मुलगी डोंगर चढली नाही तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. तिला म्हशी होत्या, आजारी आजी होती, किंवा संध्याकाळी एकटीने डोंगरावर जायची परवानगी नव्हती.

या न चढलेल्या मुलीपाशीच आपल्या क्षेत्राची सगळ्यात मोठी अडचण आहे. महामारीतल्या विद्यार्थ्यांवरचं बहुतांश संशोधन ऑनलाइन प्रश्नावलीने झालं. दुसरा मार्गच नव्हता. स्लोव्हेनियातल्या अलेक्झांडर अरिस्तोव्हनिक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६२ देशांतल्या ३०,३८३ विद्यार्थ्यांची उत्तरं गोळा केली. इतक्या घाईत इतकं मोठं काम झालं याबद्दल आदरच वाटतो. आपल्याकडे तर महाविद्यालयागणिक गुगल फॉर्म फिरले. पण ऑनलाइन शिक्षणाच्या अनुभवाबद्दल ऑनलाइन विचारलं की उत्तर देतो तो ज्याच्यापर्यंत ते शिक्षण पोचलं होतं. जो तुटला तो प्रश्नावलीतूनही तुटला. त्यामुळे ‘इतके टक्के विद्यार्थी समाधानी’ हे वाक्य वाचताना, कुणापैकी इतके टक्के, हे आधी पाहायला शिका.

सरकारी आकडेही इथे हात देत नाहीत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे ३ कोटी ८५ लाख विद्यार्थी होते आणि २०२०-२१ मध्ये ते सुमारे ४ कोटी १४ लाख झाले. महामारीच्या वर्षात संख्या वाढली! यात खोटं काही नाही. प्रवेश झाले, शुल्क भरलं गेलं, नावं पटावर आली. परंतु पटावरचं नाव आणि शिकणारं माणूस यांच्यामध्ये जे घडतं तेच तर आपल्याला अभ्यासायचं आहे. परीक्षेचा अर्ज भरून परीक्षेला न आलेली मुलगी या आकड्यात आहे. लग्नाला ५० माणसांची मर्यादा असताना कमी खर्चात उरकून घेऊ म्हणून जिचं दुसऱ्या वर्षाला असताना लग्न लावलं, आणि जिने नंतर सासरहून एकही तास केला नाही, तीही आहे. शेतावर, गॅरेजमध्ये, भाजीच्या गाडीवर लागलेला आणि मग परतच न आलेला मुलगाही आहे. या तिघांना शोधून काढणं ही या क्षेत्राची पहिली जबाबदारी आहे, असं मी मानतो. ते सापडू शकतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाची यादी असते, परीक्षा विभागात गैरहजेरीची यादी असते, वसतिगृहाच्या रेक्टरकडे सामान नेल्याच्या सह्या असतात. त्या तीन याद्या शेजारी ठेवल्या की काही नावं उघडी पडतात. मग गावी जावं लागतं. तिथून पुढचं काम चहा पीत, वेळ देत, एकेका माणसाशी बोलतच होतं.

परीक्षेचा प्रश्न या सगळ्यापेक्षा जास्त गाजला, आणि त्यावर कागदपत्रंही भरपूर आहेत, म्हणून इथे थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० ला मार्गदर्शक सूचना दिल्या, ६ जुलैला त्या सुधारून अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेणं बंधनकारक केलं. महाराष्ट्र सरकारने तोवर अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, राज्यांना फार तर मुदतवाढ मागता येईल. मग ऑक्टोबरमध्ये बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या, घरून द्यायच्या परीक्षा झाल्या. अभ्यासकाने या वादाच्या तारखांइतकंच मधल्या काळाकडे पाहावं. एप्रिल ते ऑगस्ट, परीक्षा आहे की नाही हेच माहीत नसलेले पाच महिने. नोकरीचं पत्र हातात आहे पण पदवी नाही, परदेशातला प्रवेश मिळाला आहे पण गुणपत्रिका नाही, घरचे विचारताहेत की तू पास झालास की नाही. त्या अनिश्चिततेचा अनुभव, आणि नंतर ‘कोविड बॅच’ म्हणून आपल्या पदवीकडे बघितलं जाईल ही धास्ती, दोन्ही अजून नीट लिहिली गेलेली नाहीत.

आणखी एक गट दुर्लक्षित आहे. २०२० मध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांचा. राज्यातली महाविद्यालयं १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीत उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. २० ऑक्टोबर २०२१ ला लस घेतलेल्यांसाठी उघडली, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा मिटली, फेब्रुवारीत पुन्हा उघडली. दोन वर्षांची पदवी, आणि आवाराशी गाठ जेमतेम काही महिन्यांची. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ब्युरेटच्या नळीतून पडणारा शेवटचा थेंब हाताने थांबवायचा असतो. तो व्हिडिओत पाहून येत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीचं क्षेत्रकार्य फोनवर झालं. नाटक शिकणाऱ्याला समोरच्या नटाचा श्वास हवा असतो. प्रत्येक विद्याशाखेत काय हुकलं याचा तपशील त्या-त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिला पाहिजे, शिक्षणशास्त्रज्ञांना तो एकट्याने लिहिता येणार नाही.

आणि जे मिळालं तेही लिहा. हे मी तोल साधायचा म्हणून सांगत नाही. मिळालं ते खरोखर मिळालं. दिवसभर नोकरी करणाऱ्याला रात्री ध्वनिमुद्रित तास ऐकता आला. व्हीलचेअर वापरणारी विद्यार्थिनी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पहिल्यांदा विनासायास पोचली. तान्हं मूल असलेली बाई एम.ए. पूर्ण करू शकली. एरवी हात वर करायला बिचकणाऱ्या कित्येकांनी चॅटच्या चौकटीत, रोमन लिपीतल्या मराठीत, पहिला प्रश्न विचारला. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलांनी दिल्ली-हैदराबादच्या नामांकित प्राध्यापकांची व्याख्यानं थेट ऐकली. कॅनडातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली असं मांडलं होतं की ऑनलाइन शिकण्यात विचार, माणसांचा सहवास आणि शिक्षकाचं असणं या तिन्हींची उपस्थिती लागते. ज्यांना प्रत्यक्ष वर्गातही यातल्या एकाहून जास्त कधी मिळाल्या नव्हत्या, त्यांचा अनुभव या आराखड्याला नवे प्रश्न विचारतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र पद्धतीच्या शिक्षणाचा मसुदा मांडला. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता यावा, असा त्याचा रोख होता. अशा धोरणांसाठी दोन्ही बाजूंचे पुरावे लागतील, आणि ते आपणच गोळा करायचे आहेत.

साधनांविषयी आणि पद्धतीविषयी तीन गोष्टी. मराठीत शिक्षणाच्या अनुभवाचं लेखन नवीन नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आलं. शिकण्यासाठी मुलाला जागेची, अन्नाची, कुणाच्या तरी आधाराची किती वणवण करावी लागते, याची याहून प्रांजळ नोंद क्वचितच सापडेल. दलित आत्मकथनांनी जी नजर दिली, वर्गात कोण कुठे बसतं, पाणी कुठे मिळतं, कुणाला काय विचारायची हिंमत होते, ती नजर घेऊन महामारीकडे पाहा. परदेशी सिद्धांत वाचायलाच हवेत, वर काहींची नावं मी मुद्दाम दिली आहेत. पण आपल्या कपाटातली ही पुस्तकं वाचल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका.

दुसरं, घाई करा. २०२० चे विद्यार्थी आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांची आठवण रोज थोडी बदलते आहे. आपण तेव्हा काय सोसलं यापेक्षा आपण त्यातून कसे बाहेर आलो हे सांगणं माणसाला सोपं जातं, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या काळाचे कागद बदलत नाहीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश, ‘सर, आवाज येत नाहीये’, ‘लिंक परत टाका’, ‘मॅडम, आमच्याकडे लाइट नाही’, ही या काळाची अस्सल साधनं आहेत. फोन बदलला, गट सोडला, की ती जातात. ती जमवताना मात्र एकाची परवानगी पुरत नाही, कारण गटात सगळ्यांचे शब्द असतात. नाव, नंबर, गावाची ओळख पटेल असं काहीही उघड करू नका, आणि कुणी नको म्हटलं तर त्याचे संदेश काढून टाका.

तिसरं सगळ्यात अवघड आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, अनेक विद्यार्थ्यांच्या घरी माणसं गेली. काहींनी सकाळी परीक्षा दिली आणि दुपारी रुग्णालयात गेले. काहींचे शिक्षक गेले आणि ते गटावरच्या एका संदेशाने कळलं. ‘ऑनलाइन शिक्षणात तुम्हाला कोणत्या अडचणी आल्या?’ या प्रश्नाच्या उत्तरात कधी अचानक वडिलांचा मृत्यू येतो. तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. ध्वनिमुद्रक बंद करून बसायचं असतं, आणि ते सांगणं संशोधनात वापरायचं की नाही हे त्या माणसाला नंतर, शांतपणे, पुन्हा विचारायचं असतं. माझ्या मते ही सवय संशोधन-पद्धतीच्या पहिल्या धड्यात शिकवली पाहिजे.

सुरुवात कुठून करावी, असं नवे संशोधक विचारतात. आपल्याच महाविद्यालयापासून करा. २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांतला एक वर्ग निवडा, साठ-सत्तर नावांचा. प्रत्येक नावापर्यंत पोचायचं, एकही सोडायचं नाही, हा नियम घाला. निम्मी माणसं सहज सापडतील, पुढच्या निम्म्यातल्या निम्म्यांसाठी मित्रांचे मित्र शोधावे लागतील, आणि उरलेल्यांसाठी गावोगाव जावं लागेल. त्या उरलेल्यांसाठी सर्वांत जास्त वेळ आणि प्रवासखर्च राखून ठेवा. जे लिहाल ते आधी मराठीत लिहा, आणि छापण्यापूर्वी त्या साठ-सत्तर जणांना वाचायला द्या. ते दुरुस्त्या सुचवतील. त्या दुरुस्त्या स्वीकारून दुसरा खर्डा करा, आणि मगच निबंध परीक्षकांकडे पाठवा.